नाड्यानं बांधलेला जोड

बाबा गेल्यानंतर त्यांची गाडी दर चार-पाच दिवसांनी बंद पडू लागली. चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज. बॅटरी चार्ज करून आणायची, की पुन्हा तेच. शेवटी आई म्हणाली, "उमरग्याचा एक जण रविवारी बघायला येतोय. तोवर नीट झाली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू." मला गाडी द्यायची नव्हती. पण का, ते आईला सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी बेंबळीहून गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींना घरी बोलावलं. चार्ज करून आणलेली बॅटरी बसवताना त्यांनी तिची एक तार सुटी ठेवली आणि मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद, तरी बल्ब पेटला; म्हणजे कुठंतरी वीज जात होती.

"बघा ताई, समदे झोपलेत, पण कुणीतरी जागं हाय."

त्यांनी एकेक फ्यूज उपसला. बल्ब विझेना. म्हणजे फ्यूजला वळसा घालून कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर ओढली होती. ती शोधायची.

माझी नोकरी ग्रंथालयातली. जुन्या पुस्तकात आधीच्या वाचकांच्या खुणा सापडल्या की मी रेंगाळते; इथंही तसंच झालं. बाबांनी गाडी घेतली तेव्हा ती दोन मालकांकडून फिरून आली होती. एकानं हॉर्नला विहिरीवरच्या मोटारीची जाड वायर लावून जोडावर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती.

"ह्यो डॉक्टर हुता का काय?"

"कंपाउंडर होते," मी म्हणाले. मिस्त्री इतके हसले की पक्कड खाली पडली.

दुसऱ्या मालकानं उघड्या तारा पिळून त्यावर कॅरीबॅग वितळवली होती. दोन्ही जोड नीट केले. बल्ब जळतच होता.

तिसरा जोड वेगळा होता. काळी टेप सरळ रेषेत, आणि तिच्यावर पूजेचा लाल-पिवळा नाडा.

"आता वायरीची मुंज कुणी लावली?"

मी नाड्याची गाठ ओळखली. उरलेला नाडा बाबा कशालाही बांधायचे: चाव्यांना, छत्रीला, चष्म्याच्या घराला.

ती वायर डॅशबोर्डच्या मागं गेली होती. मिस्त्रींनी फटीत दोन बोटं घालून टोक बाहेर ओढलं. टोकाला आणखी एक इवलासा बल्ब, पेटलेला.

तेव्हा आठवलं. डॅशबोर्डवर तुळजाभवानीची छोटी मूर्ती होती आणि तिच्यासमोर हा बल्ब. देवीपुढचा दिवा चावी काढल्यावर विझू नये म्हणून बाबांनी तो सरळ बॅटरीला जोडला असणार. ते रोज गाडीनं तुळजापूरला जायचे, त्यामुळं रात्रभरात गेलेली वीज सकाळी भरून निघायची. ते गेले तेव्हा आम्हाला सुतक, म्हणून मूर्ती पूजेसाठी शेजाऱ्यांच्या देवघरात पाठवायचं ठरलं. ती काढली मीच. मोकळा राहिलेला बल्ब फटीत ढकलला तोही मीच. दुपारचं ऊन होतं, तो पेटलेला आहे हे दिसलं नाही. नंतर गाडी बहुतेक वेळ उभीच राहिली. बॅटरी भरून आणली की तो आत पेटायचा, आणि ती संपली की विझायचा.

"तोडू?" मिस्त्रींनी पक्कड उचलली.

आई उंबऱ्यावरून खाली आली. बल्बाभोवती ओंजळ धरून तिनं तो पाहिला.

"हा इतके दिवस आत जळत होता?"

"बॅटरीत जीव आसंल तवर, आई."

"आणि गाडी रोज काढली तर?"

"मग काय बी हुत न्हाय. मधी एक फ्यूज टाकतो, वायर गरम झाली तर धोका नगं."

"मग टाका."

ती आत गेली, आणि सुतक फिटल्यावर आमच्या देवघरात परत आलेली ती मूर्ती घेऊन बाहेर आली. मी मूर्ती जागेवर बसवेपर्यंत तिनं उमरग्याला फोनही लावला होता.

"गाडी द्यायची नाही हो," ती सांगत होती, "आम्हाला रोज लागते."