गुडघ्याभोवतीची रेघ

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि त्यांवर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडलं की टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटतं. आज एका टिकलीत दगडीपाल्याचा अर्क होता. लहानपणी खरचटलं की आम्ही तोच पाला चुरडून लावायचो. तुलनेसाठी शेजारी नेहमीचं जालीम औषध.

दगडीपाल्याभोवती पुसटसं वर्तुळ होतं. औषधाच्या टिकलीभोवती वर्तुळच नव्हतं. भिंतीवर शेवाळ धरावं तसे जंतू टिकलीला खेटून वाढले होते.

"टिकली भिजवायची राहिली का गं?" आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मृणालताईंनी विचारलं. पण पहिल्या बशीतही हेच दिसलं होतं, म्हणून ही दुसऱ्यांदा लावलेली बशी होती. हे जंतू कुणाच्या तरी पायाच्या जखमेतून आले होते.

घरी आले तर लेक गुडघा फोडून बसलेली. जखम धुतली, पुन्हा धुतली.

"आई, एवढंसं तर आहे."

जखमेभोवती लालसर वर्तुळ होतं. दिवसभर मी वर्तुळ मोठं व्हावं म्हणून डोळे लावून बसते. हे मात्र वाढायला नको होतं. मी बॉलपेनने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली.

"ही कशाला?"

"उद्या लाली हिच्या बाहेर जाते का बघू," मी पेनाला टोपण लावत म्हणाले.