आत्याचं बोलणं मी खोडू दिलं

बहात्तर साली मी तिसगावच्या शाळेत मास्तर होतो आणि पदरमोड करून एक कादंबरी छापत होतो. कादंबरी माझ्या आत्याची. ती पंधरा-सोळा वर्षं ऊसतोडीला जात होती. नवरा उसाच्या फडावरच वारला, तेव्हापासून आमच्याकडेच राहायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती बोलायची आणि मी चुलीजवळ बसून वहीत उतरवून घ्यायचो. दोन वर्षांत सात वह्या भरल्या.

छापण्याआधी कुणा जाणत्याची नजर फिरावी म्हणून मी वह्या नगरला माझ्या जुन्या मुख्याध्यापकांकडे नेऊन दिल्या. ते निवृत्त झाले होते, तरी त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीच्या कडेवरच बसायचो. महिन्याभराने वह्या परत मिळाल्या त्या लाल शाईने भरून. आत्या जिथे जिथे बोलली होती तिथे तिथे तिचं वाक्य खोडून वर शुद्ध वाक्य लिहिलेलं. "पोटात पोर आन् डोईवर मोळी, थांबायचं कुठं?" असं ती म्हणाली होती. त्याच्या वर आता होतं, "गर्भवती असूनही मला मस्तकी उसाचा भार वाहावा लागे."

"गोष्ट चांगली आहे," सर म्हणाले, "पण पुस्तक म्हणजे पाणवठा नव्हे. उद्या शहरातला माणूस वाचेल, त्याला काय वाटेल?"

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी सुखावलो. सरांनी माझ्यासाठी एवढे कष्ट घेतले होते, आणि ती वाक्यं मला माझ्याहून हुशार वाटली.

छापखाना नगरलाच होता. दर रविवारी मी एसटीने मुद्रितं तपासायला जायचो. तिथे अक्षरांचे खिळे जुळवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, फारसं न बोलणारे. एकदा त्यांनी वहीचं पान माझ्यापुढे धरलं.

"गुरुजी, खोडलेलं बी वाचता येतंय. मला तर तेच गोड लागतंय. ते जुळवू का?"

"वर लिहिलंय ते जुळवा," मी म्हणालो.

"तुमचं पुस्तक हाय," एवढंच म्हणून ते खिळ्यांच्या खणांकडे वळले.

मुद्रितांत मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. काना-मात्रा पाहिल्या. एक पानसुद्धा मोठ्याने वाचलं नाही.

पुस्तक हातात आलं तेव्हा दुष्काळी कामं चालू होती. आत्याही खडी फोडायला जायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला समोर बसवलं आणि पहिली दोन पानं वाचली. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

"ही बाई कोन रं?" तिने विचारलं.

"तूच की, आत्या."

तिने पुस्तकाकडे पाहिलं. "शिकलेली दिसती. हिला फडावरचं काय ठावं?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "वाच, वाच. चांगलं लिवलंस."

मला पुढे वाचवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी छापखान्यात गेलो आणि वह्या मागितल्या. मालकांना नवल वाटलं. "छापून झालेल्या वह्या कोण ठेवतं, गुरुजी? शाईचे रूळ पुसायला गेल्या." खिळे जुळवणारे गृहस्थ उठले, त्यांनी रद्दीचा ढीग उलथापालथा केला. काही सापडलं नाही. माझ्याकडे न बघता ते पुन्हा कामाला बसले.

मग मी छापील प्रत घेऊन समासात आत्याची वाक्यं आठवून लिहायला बसलो. अर्थ आठवायचा, पण शब्द सरांचेच यायचे. आत्याला विचारलं तर म्हणायची, "तुझ्या पुस्तकात हाय की सगळं." रागाने नाही, अगदी सहज. चुलीपुढचं बोलणंही तिने हळूहळू थांबवलं. मी समोर बसलो की तिला संकोच वाटायचा की काय, कोण जाणे. वर्षभराने ती गेली.

आता कुणी हस्तलिखित दाखवायला आणलं तर मी विचारतो, ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवलंत का? लोकांना वाटतं, म्हातारा काम टाळतोय. बहुतेक जण वह्या उचलून निघून जातात. ती समास भरायला घेतलेली प्रत माझ्याकडे आहे. सतराव्या पानानंतर तिच्यात काही लिहिलेलं नाही.