पावणेचौदा मुठी आणि सीडी ड्राइव्ह

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला सीडी दिसेनाशी झाली आहे, हे मला कानबाई, म्हणजे श्रावणात आमच्या खान्देशात घरोघरी बसणारी देवी, बसायच्या आदल्या दिवशी कळलं. शनिवारची दुपार होती.

त्या सीडीत आईचा आवाज होता. कानबाईची गाणी आमच्याकडे आई पुढे होऊन म्हणायची, बाकीच्या बायका मागून. सोळा वर्षांपूर्वी भाच्याने ती रेकॉर्ड करून सीडीत घालून दिली. आई जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या श्रावणात वर्ष फिरलं नव्हतं, म्हणून कानबाई बसवली नाही. यंदा पुढे होऊन गायची पाळी माझ्या बायकोची. तिला विसर्जनाच्या गाण्याची शेवटची तीन कडवी येत नव्हती, आणि सगळ्या जावांसमोर अडखळायची तिची तयारी नव्हती.

"मन्हं गाणं त्या डबडामा अटकेल शे," ती म्हणाली. "काढा बाहेर."

कॉम्प्युटरवर पाहिलं, तर सीडी ड्राइव्हच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. ड्रायव्हर बिघडला होता. म्हणजे ड्राइव्हशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा छोटा प्रोग्राम. शहाद्याच्या ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथे फोन केला.

"काका, मशीनबरोबर एक सीडी दिली होती. ड्रायव्हर तिच्यातच आहे."

"पण सीडीच तर चालत नाही."

दुकानदार म्हणाला, "हो. पण ड्रायव्हर तिच्यातच आहे."

ती सीडी माझ्याकडे होती. घरात सत्तावीस सीड्या आहेत, प्रत्येकीवर मी नंबर घातलेला आहे, आणि ही चौदा नंबरची. पाहिजे तेव्हा एका मिनिटात सापडावी म्हणून. सापडली, उपयोग शून्य. आता सीडी चालवणारं दुसरं काही घरात नाही, शेजारीही नाही.

मग इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घेतला. चालला नाही. त्याच्यावर दुसरा घातला, मग तिसरा. उद्गारचिन्ह होतं तिथेच.

तेवढ्यात रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायची वेळ झाली. आमच्याकडे रोटासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, पाळण्यातल्या पोराचेसुद्धा. यंदा अकरा नावं, म्हणजे पावणेचौदा मुठी. मी नावं घेत होतो, बायको मुठी टाकत होती. माझं निम्मं लक्ष उद्गारचिन्हात. सातव्या नावानंतर शंका आली, धाकट्या पुतण्याचं नाव घेतलं की नाही?

"राहिलं असेल तर वरून सव्वा मूठ टाक," मी म्हणालो.

तिने सूप उचललं आणि सगळे गहू परत पोत्यात ओतले. "वरून टाकायचं नसतं, तुम्हीच शिकवलं मला. पहिल्यापासून मोजा."

मोजले. पावणेचौदा बरोबर भरले. मग हात झटकून मी कॉम्प्युटरपाशी गेलो. तीन ड्रायव्हर मी वरूनच तर टाकले होते! ते तिन्ही काढले. यादीतून ती ड्राइव्हच पुसून टाकली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्याने आपल्या जोडण्या पहिल्यापासून मोजल्या, ड्राइव्ह नवीनच सापडल्यासारखी दाखवली, स्वतःजवळचा ड्रायव्हर लावला. उद्गारचिन्ह गेलं. चौदा नंबर लागलाच नाही.

आईची सीडी घातली, ती घरघरली आणि आई गायला लागली. बायको वही घेऊन शेजारी बसली. भाच्याने रेकॉर्डिंग गहू मोजतानाच केलं होतं, हे मी विसरलो होतो. शेवटून दुसऱ्या कडव्यात आई मध्येच थांबली आणि माझ्यावर ओरडली, "कोनं नाव ऱ्हायनं रे? पहिलेपासून मोज!" लगेच पुढची ओळ.

बायको इतकी हसली की कडवं लिहायचं राहून गेलं. "मागे घ्या," ती म्हणाली. मी चार वेळा मागे घेतलं.

सोमवारी विसर्जनाला गोमाई नदीच्या काठी तिने तिन्ही कडवी न अडखळता म्हटली. फक्त शेवटून दुसऱ्या कडव्यात ती मध्येच थांबली. जावा तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग पुढची ओळ घेतली.