तंबूतला सिनेमा आणि आमची संशयी मंडळी

सिनेमाचे किस्से ठरवून आठवत नाहीत. आम्ही चौघं चहाला बसलो, की कुणीतरी म्हणतं, "ते काही खरं नव्हतं बरं का!" आणि गाडी सुटते. आमचं सिनेमावर जिवापाड प्रेम, पण विश्वास कवडीचा नाही! चौघं म्हणजे मी, मुखेडचा शाळामास्तर. दोस्त दिगंबर गायकवाड, सरकारी हपिसातला क्लार्क. त्याची बायको सुमनवहिनी. आणि कापड दुकानदार शिवाप्पा. आता सगळे रिटायर, संशय सोडून!

* * *

दुष्काळाच्या साली मुखेडच्या बाजारात तंबूची टॉकीज आली. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडलेली माणसं संध्याकाळी तिथं गर्दी करायची. एकदा हिरो-हिरोईन पावसात गाऊ लागले आणि तंबू एकदम गप्प झाला.

एक बाई उभी राहिली. "इथं प्यायला घोटभर न्हाई अन् हे नाचून राहिले! पानी कुठून आनलं, इचारा!"

दोघंजण खरंच पडद्यामागं जाऊन आले. "कोरडं ठाक हाय! सगळी फसवणूक!"

मग कुठं लोकांनी निवांत गाणं बघितलं.

* * *

शिवाप्पाची नजर हिरोच्या तोंडाकडं कधी नसायचीच. एका सिनेमात हिरो इतका गरीब, की आईच्या औषधाला पैसे नाहीत. सगळा तंबू मुसमुसतोय. शिवाप्पा मोठ्यानं म्हणाला, "टेरिलीन हाय!"

"काय?"

"शर्ट! अस्सल टेरिलीन, महागातलं कापड. हा गरीब न्हाई. आईला फसवून राहिला!"

पुढची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. तिनं पदर खाली सोडला आणि पडद्याला म्हणाली, "मेल्या, मग आण की औषध!"

* * *

तंबू गच्च भरला की बायकांना पडद्याच्या मागच्या अंगाला बसवायचे. चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक!

वहिनी एक दिवस मैत्रिणींबरोबर जाऊन आल्या, दिगंबर दुसऱ्या दिवशी. जेवताना वहिनी म्हणाल्या, "डाव्या हातानं काय मुस्काटात हाणली हो हिरोनं!"

दिगंबरचा घास थांबला. "उजव्या."

"डाव्या!"

"तू सिनेमाला गेलीच न्हाईस. खरं सांग, कुठं गेलतीस?"

"तुमीच गेला न्हाईत! कुठं जाऊन बसलतात?"

घरात अबोला. शेवटी मला पडद्याचाच संशय आला. दोघांना घेऊन गेलो, पडद्याच्या एकेका बाजूला बसवलं आणि मारामारीच्या वेळी जागा बदलायला लावल्या.

पलीकडून दिगंबर ओरडला, "डावाच हाय गं!"

अलीकडून वहिनी, "तरी कुठं गेलतात ते सांगाच!"

* * *

पुढं लातूर जिल्हा झाला आणि नव्या हपिसात दिगंबरची बदली झाली. वहिनी म्हणाल्या, "नवा जिल्हा म्हणून चाललात, का नवी टॉकीज म्हणून?"

एका दुपारी हा "टंचाईच्या पाहणीला जातो" सांगून मॅटिनीत जाऊन बसला. इंटरव्हलला दिवे लागले. शेजारच्या खुर्चीत साहेब! ह्याला वाटलं साहेब मागावर आहेत, साहेबांना वाटलं हा. दोघंही ताठ.

शेवटी साहेब हळूच म्हणाले, "गायकवाड, पाहणी अर्धीच झाली. बसा!"

* * *

आमचा सगळ्यात लाडका सिनेमा मात्र दुष्काळातलाच. शहराकडं पळून गेलेला मुलगा खूप वर्षांनी घरी येतो. दारात उभा राहतो. चुलीपुढची आई मागं न बघताच म्हणते, "हातपाय धुऊन घे." की लागलेच दिवे, सिनेमा संपला! वहिनींचा भाऊ त्या साली कामाला मुंबईला गेला होता, त्याची काही खबर नव्हती. त्यांची आई त्या एका वाक्यासाठी पुन्हा पुन्हा यायची.

रिटायर झाल्यावर दिगंबर नांदेडला राहायला आला. परवा त्याच्या घरी तो सिनेमा टीव्हीवर लागला. आम्ही चौघं सरसावून बसलो. "हातपाय धुऊन घे" झालं आणि सिनेमा पुढं चालूच! शहरातून त्याच्या मागावर असलेले गुंड आले आणि पोराला अंगणातच मारून टाकलं.

वहिनी ताडकन उठल्या. "हे कुनी जोडलं? ह्यो आपला सिनेमा न्हाई!"

शिवाप्पाला चॅनलवाल्यांचा संशय, दिगंबरला टीव्हीचा. तंबूत मशीन चालवणारे रशीदभाई नांदेडातच राहतात. तसेच उठून त्यांच्याकडं गेलो. म्हातारा खाटेवर बसून सगळं ऐकत होता.

"हाव," ते म्हणाले. "शेवटचं रीळ डब्ब्यात होतं की. मी लावतच नव्हतो."

"का?"

"त्या साली रोज कुणाचा तरी बेटा शहराला जायचा. आया समोर बसलेल्या. कसं लावू?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग पदर काढून रशीदभाईंकडं रोखून बघत म्हणाल्या, "भाई, अन् बाकीच्या सिनेमांचं काय केलं होतं?"

रशीदभाईंनी आत हाक मारली, "बहू, चाय लाव! बैठक लंबी चालणार!"