पलीकडच्या काठावरचं लग्न

आमच्या गावाला लागून गोदावरी, आणि गोदावरीपलीकडे निजामाचं राज्य. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. उन्हाळ्यात पात्रात गुडघाभर पाणी उरे, तेव्हा शेवगावच्या बाजारापेक्षा मोगलाई जवळ पडायची. दोन्ही काठांचे कायदे वेगळे असतात, हे मात्र मैत्रिणीच्या लग्नापर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

लढाईचे दिवस होते. मुलींच्या शाळेत एकच बाई होत्या, नगरहून आलेल्या, तरुण आणि तडफदार. एक दिवस त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, की चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, लावणाऱ्याला शिक्षा होते. मी कारकुनाची मुलगी, माझ्या लग्नाची कुणाला घाई नव्हती. शेजारी बसणारी माझी मैत्रीण शेतकऱ्याची. तिला तेरावं लागलं होतं आणि स्थळ जवळजवळ ठरलं होतं. ती इतकी खुलली, की मलाच हायसं वाटलं.

संध्याकाळी तिनं हे बापाला सांगितलं. मी त्यांच्या ओट्यावरच बसले होते. बाप चिडला नाही. शिक्षा कुणाला होते, कोण पकडतं, सगळं त्यानं नीट विचारून घेतलं. तिला येत होतं तेवढं तिनं मोठ्या हौसेनं सांगितलं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "न्हाईतर आमी हितंच मांडव घातला असता."

वैशाखात वऱ्हाडाच्या गाड्या नदी उतरून गेल्या. नवरामुलगा आमच्याच तालुक्यातला, पण अक्षता पडल्या मोगलाईत. दिवस मावळायच्या आत सगळे जेवून परत. कायद्याला इतका जपणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

बाई तडक शेवगावच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथे त्यांना एवढंच ऐकवलं, की लग्न हद्दीबाहेर झालंय. त्यानंतर कितीतरी दिवस त्या आमच्याकडून नुसते पाढे म्हणून घेत होत्या.

दिवाळीला मैत्रीण माहेरी आली. वाळली होती, भाकऱ्या थापून बोटं पोळली होती. माझ्याबरोबर शाळेत आली आणि डोक्यावरचा पदर धरून दारातच उभी राहिली.

"बाई, म्या तर नदीच्या अलीकडंच नांदतेय. मंग लागतो का कायदा?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "लागला तरी शिक्षा तुझ्या वडिलांना होईल. लग्न मोडत नाही."

"म्हंजी बा तुरुंगात, आन म्या तितंच?"

"हो."

मला बाईंचा राग आला, तिच्या बापाचा आला, आणि ज्यांनी कुणी बसून हा कायदा लिहिला त्यांचा सगळ्यात जास्त आला. तिला आला की नाही, कळलं नाही. तिनं मान हलवली आणि घरी गेली.

लग्नानंतर सासरचे पहिल्यांदा तिला न्यायला आले होते, तेव्हा ती कणगीमागे लपली होती, आईनं दंडाला धरून बाहेर काढलं होतं. या खेपेला दीर आला. त्यानं बैल जुंपायच्या आधीच ती गाडीत जाऊन बसली होती.