जांभळी पेन्सिल आणि मामंजींचा राघू

तुम्ही पाळलेला पोपट टेलिफोनची वायर कुरतडतो आणि त्यामुळे तुमच्या आईचं कशात लक्ष लागत नाही, असं कळलं. तिला हसू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, पारनेरजवळच्या एका गावात, मीही अशीच एका पोपटाच्या चोचीवर डोळे लावून असे.

तो पोपट तुमच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामंजी म्हणायची. जन्मभर शाळामास्तर होते. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तुमचे आजोबा नोकरीमुळे शेवगावला राहायचे. घरी मी, सासूबाई आणि खाटेवर मामंजी. मी दुपारपर्यंत मिशनच्या शाळेत शिकवून यायची. मामंजींचा आवाज आता फक्त राघूच्या गळ्यात उरला होता. वर्गात ज्या सुरात ते "गप्प बसा" म्हणत, त्याच सुरात राघू म्हणायचा, आणि ते ऐकून मामंजींचा अर्धा चेहरा हसायचा. एरवी ते हसत नसत. राघूचं काही बरंवाईट झालं तर हा माणूस कशाच्या आधारावर दिवस काढील, ही धास्ती माझ्या मनातून जात नसे.

राघूला पिंजऱ्यात कोंडलेलं मामंजींना खपत नसे. तो दिवसभर मोकळा, आणि त्याची चोच म्हणजे घरभर फिरणारी कात्री. आगकाड्यांचे गुल तो एकेक करून टिपायचा. खिडकीच्या हिरव्या रंगाचे पापुद्रे सोलून खायचा. मी काडेपेटी डब्यात घातली, खिडकीचा रंग खरवडून काढला, रॉकेलची बाटली फळीवर चढवली. सासूबाई चुलीपुढून बघत असायच्या.

"मास्तरीणबाई, आता भित्ती बी उचलून वर ठिवा. कालपास्नं त्यो भित्त खातोय."

पण एक वस्तू मला उचलून ठेवता येत नव्हती. मामंजींची पेन्सिल.

ती साधी पेन्सिल नव्हती. ओली केली की जांभळी उमटणारी, शाईसारखी पक्की. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, साध्या पेन्सिलीचं अक्षर त्यांना दिसत नसे. दौत-टाक देऊन पाहिला तर दौत चादरीवर सांडली. मग ते डाव्या हाताने, कागदावर, जिभेला लावून लावून ती जांभळी पेन्सिल चालवत. पाणी हवं, उशी हवी, सगळं तिनेच सांगत. शाळेतल्या आमच्या मोठ्या बाईंनी मात्र मुलींना बजावलं होतं की ही पेन्सिल तोंडात घालायची नाही, तिच्या रंगात विष असतं. मामंजी शब्द आठवेपर्यंत ती ओठांत धरून बसत आणि छातीवर बसलेला राघू ती दुसऱ्या टोकाने चावत राही. लाकूड फोडून आतला गाभा काढायला त्याला वेळ लागत नसे.

मी शाळेतून एक पाटी आणली. पाटीवरचं पांढरं अक्षर त्यांना दिसलं असतं. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग कागदावर लिहिलं, "मी बिगरीत नाही."

एकदा मी पेन्सिल लपवली. त्यांनी पितळी तांब्या खाटेच्या लाकडी गातावर असा आपटला की शेजारीण धावत आली.

"आत्याबाई, तुम्ही तरी सांगा त्यांना," मी सासूबाईंना म्हटलं. "राघूच्या पोटात विष जातंय."

"ह्यांनी जल्मभर तीच पेन्सिल चाटली," सासूबाई म्हणाल्या. "काय झालं ह्यांना?"

बोलून गेल्या आणि त्यांची नजर खाटेकडे गेली.

"मामंजी माणूस आहेत," मी हळूच म्हणाले. "राघू मुठीएवढा."

शेवटी असं ठरलं की मामंजी लिहीत असतील तेवढा वेळ राघू पिंजऱ्यात. राघू पिंजऱ्यात ओरडून घर डोक्यावर घेई आणि मामंजी लिहायचंच सोडून देत. तहान लागली तरी मागत नसत. मी वर्गात गणित शिकवत असे आणि मन घरी, की आज कोण उपाशी आहे, कोण काय चावतंय.

एके दिवशी परत आले तर पिंजरा उघडा होता. सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. मामंजींनी हात लांबवून त्याची कडी काढली असणार. गोधडीवर लाकडाचे बारीक तुकडे पडले होते. राघूची चोच जांभळी, जीभ जांभळी, आणि तो मान झटकून झटकून ओकत होता. मामंजींचा डावा हात त्याच्याभोवती आडोशासारखा धरलेला होता.

जनावरांचा डॉक्टर म्हणजे नगरला. तोही बैलघोड्यांचा, पोपटाला कोण हात लावणार? मी कापूस ओला करून चोच पुसली. सासूबाई आल्या, डोक्यावरची घागर उतरवायच्या आधीच सगळं समजल्या. ताकाची निवळी आणली आणि बोटाने थेंब थेंब सोडत बसल्या. राघूची विष्ठाही जांभळी पडत होती. पिसं फुगवून, डोळे मिटून तो त्यांच्या पदरात बसून राहिला. एका पायावरही धड उभा राहीना.

मामंजींनी पेन्सिलीचा उरलेला तुकडा शोधला. जिभेला न लावता कागदावर घासला. अक्षर फिकं उमटलं, पण मला वाचता आलं. "जाईल?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. मला खोटं सांगता आलं नाही.

त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली. मग कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट केलं.

राघू वाचला. विषाने आजारी पडला होता की नुसत्या लाकडाच्या कुसळांनी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण बरेच दिवस तो काही बोलला नाही आणि घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पुढे हिंडू-फिरू लागल्यावर त्याने पहिल्यांदा पाटीवरची पेन्सिलच फोडली. "खा, ती बी खा," सासूबाई म्हणाल्या. ती खाऊन पोरं मरत नाहीत, हे मी शाळेत रोज पाहत होते, म्हणून खाऊ दिली. त्याच्या चोचीकडे बघत बसायची माझी सवय मात्र गेली नाही.

तुमच्या पणजोबांच्या हातचं काही लिखाण आहे का, असं तुमच्या आईने मागे विचारलं होतं. जांभळ्या अक्षरांचे थोडे कागद आहेत. त्यांवर "पाणी", "दार लावा", "उशी" एवढंच. पाटी घेतल्यावर त्यांचा हात सुधारला आणि ते लांब लांब लिहू लागले. लहानपणच्या दुष्काळाविषयी, बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्याविषयी, आपल्या पहिल्या वर्गाविषयी. पाटी भरली की मी वाचायची, आणि ओल्या फडक्याने पुसून लगेच त्यांच्या हाती द्यायची. त्यांचं पुढचं वाक्य थांबलेलं असायचं.