दिवा विझला पाहिजे

मिलिंद उभ्याने जेवायचा. ताट ओट्यावर, डोळे खिडकीबाहेर. इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली त्याला भाड्याने दिली होती. नोकरी चांगी नावाच्या भागातल्या बिझनेस पार्कात, म्हणजे या बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हणायची, "बस की जरा, खुर्ची चावत नाही." तो म्हणायचा, "बसलं की डोकं चालू होतं न, मावशी."

माणूस वाईट नव्हता, पण दमवायचा. पंखा, लिफ्ट, शेजारच्या चिनी म्हातारीचा फ्रिज, सगळ्यांतला बिघाड त्याला ऐकू यायचा. घास टाकून तिच्या दारात जायचा. ती "नो नीड, लाह!" म्हणून हाकलायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बोलवायची.

त्याच्या खाटेखाली एक लोखंडी डबा होता. वडिलांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हवाला प्रीअँप. नागपूरला त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलला भीमगीतं व्हायची, तेव्हा माइकचा बारीक आवाज आधी या डब्यातून जायचा, मग मोठ्या यंत्राकडे. वडील गेले आणि डबाही बंद पडला. दुरुस्त करीन म्हणून हा इथे घेऊन आला. दर रविवारी बाहेर काढायचा, पुसायचा, मीटरच्या सुया लावायचा, परत खाटेखाली ढकलायचा. वीज कधी दिली नाही.

"पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला असला तर? बाकी सगळं बदलता येतं, मावशी. पण त्यातली तार बाबांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलीय."

"मग जळलाय का ते बघ."

"बघितलं की कळेल न."

असला इंजिनिअर.

मग त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा गेला. इथे राहायचा पास रद्द, परतीचं तिकीट, आणि खोलीत दिवसभर येरझाऱ्या. मी म्हटलं, "मेलेलं असेल तर हे धूड कशाला वाहतोस? आज काय ते बघून टाक."

त्याने डबा जेवणाच्या टेबलावर मांडला. वायरीच्या मधे जुना पिवळा बल्ब जोडला. म्हणाला, "वीज या दिव्यातून आत जाईल. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटेल. ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर लुकलुकून विझला पाहिजे."

बटण दाबलं. दिवा लख्ख पेटला.

त्याने बटण बंद केलं.

"गेला का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचे जुने भाग अजून जोडलेले आहेत. दोष त्यांच्यातही असेल."

"मग आधी सोडवले का नाहीस?"

तो फडकं घेऊन डबा पुसायला लागला. तेव्हा मला कळलं. शंकेला जागा राहावी म्हणून त्याने त्या भागांच्या तारा मुद्दामच जोडलेल्या ठेवल्या होत्या.

"सोडव," मी म्हटलं.

"आणि तरी पेटला तर?"

"तर पेटला. तुझ्या भिण्याने तो विझणार आहे का?"

व्हॉल्व्ह उपटले, तारा एकेक सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी लावली. तारांचे सांधे तापवताना वितळलेलं कथील माझ्या टेबलावर सांडलं. डाग अजून आहे. मग बटण. दिवा लालसर झाला, लुकलुकला आणि विझला. मीटर लावून आकडे बघितले, ते बरोबर होते.

"झालं?"

"तासभर चालू ठेवायला लागेल. गरम होतो का बघायला."

तो तासभर टेबलाभोवती फिरला. मला गरगरायला लागलं. शेवटी वीज काढून त्याने ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला आणि उचललाच नाही.

"कोमट आहे."

"कोमट चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"मग रडतोस कशाला?"

विमानाला वजन जास्त व्हायला लागलं तर त्याने बॅगेतले कपडे काढून टाकले आणि डबा घेऊन गेला. शर्ट बरेच होते. मी त्यांची फरशीची फडकी केली. सुती होते, पाणी छान ओढतात.